मिनातो

शारजात जून लागला की थंड पाण्याच्या नळालाच कढत पाणी येतं. गच्चीवरची टाकी तापते आणि अंघोळीचं पाणी सकाळीच बादल्यांत भरून निवत ठेवावं लागतं. मनोरमेच्या हे सगळं इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेलं होतं, तरी त्या दुपारी तिचं लक्ष चुकलं. बादलीतलं पाणी संपलं, तिने रिकामा मग नळाखाली धरला आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर ओतला. मुरलीधरचं अंग एकदम आखडलं. तोंड उघडलं. हातातला मग तसाच धरून ती थांबली, कारण आता काहीतरी येणार हे तिला दिसत होतं. आई गं येईल, शिवी येईल, शिवी आली तरी ती तिथेच बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसून देवाला हात जोडणार होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडून 'ता' याशिवाय दुसरं अक्षर निघालं नव्हतं. भूक लागली की ता, पाठ खाजली की ता, काव्या शाळेतून आली की डोळ्यांत पाणी आणून ता. आणि आता त्या उघड्या तोंडातून गाणं आलं. सबंध गाणं. लांब, कापरं, गळ्यात मुरडत जाणारं, जपानी भाषेतलं. एकही शब्द अडला नाही. वाकडं झालेलं तोंड वाकडंच होतं, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला होता आणि डोळे मिटून तो गात होता. शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायचा तिथे बरोबर श्वास घेत होता.

"काव्या!" ती ओरडली. "काव्या, धाव!"

काव्या कानातल्या वॉकमनच्या वायरी ओढत आली, दारातच थबकली आणि वडील उघडे आहेत हे विसरून तशीच बघत राहिली. "ओ माय गॉड. मम्मा, ही इज सिंगिंग. इट्स दॅट सॉंग!" ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मनोरमेने टॉवेल त्याच्या मांडीवर टाकला. तिलाही रडू येत होतं. पण त्या रडण्याच्या आत काहीतरी टोचत होतं, आणि काय टोचतंय ते कळायला रात्र उलटून सकाळ व्हावी लागली. सकाळी त्याला चहा पाजताना ती म्हणाली, "मनू म्हणा. नुसतं मनू." तो तिच्याकडे बघून म्हणाला, "ता." मग तिने मनाशी हिय्या करून त्या गाण्याचं पहिलं वळण, तिला जमेल तसं, गुणगुणलं आणि लगेच तो सुरू झाला. तिच्यासाठी दोन अक्षरं उरली नव्हती आणि त्या परक्या गाण्यासाठी सगळी होती.

हे गाणं तिला नवीन नव्हतं. लग्नानंतर वर्षभरात मुरलीधर आखातात आला, ते थेट एका बेटावर, गॅसच्या प्लँटवर फिटर म्हणून. तिथे फॅमिली नेता येत नसे. मनोरमा देवरुखला सासू-सासऱ्यांजवळ. वर्षातून एकदा तो यायचा, खजूर, टँग आणि अंगाला लागलेला एक वेगळाच वास घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून हे गाणं ऐकू यायचं. त्याचे साहेब जपानी होते. इशिदा-सान नावाचा एक सुपरवायझर संध्याकाळी रिक्रिएशन हॉलमध्ये कॅसेट लावून गायचा, आणि याचा गळा चांगला, लहानपणापासून भजनात बसलेला. नुसत्या कानाने उचललेलं ते गाणं हा असा गायला लागला की जपानी लोक पार्टीत त्याला उभं करू लागले. मुरी-सान म्हणायचे त्याला. एन्का म्हणतात त्या प्रकाराला, हे त्यानेच अभिमानाने सांगितलं होतं, आणि त्यात गळा कसा मुठीसारखा आवळून सोडायचा तेही सासूसमोर करून दाखवलं होतं. सासू म्हणाली होती, "अरे, कुणी मेल्यासारखा काय रडतोस सकाळी सकाळी." सगळे हसले होते. मनोरमा हसली नव्हती. तिला त्या आवाजाचा राग यायचा. तिच्या वाट्याला आलेल्या थोड्याशा दिवसांत तो कुठून तरी आत घुसायचा, ओल्या चपला घालून घरभर हिंडणाऱ्या माणसासारखा. पुढे त्याची बदली शारजाच्या गोडाऊनला झाली, ती सात वर्षांच्या काव्याला घेऊन इकडे आली, दोन खोल्यांचा संसार मांडला, तरी ते गाणं बाल्कनीतून, मोटारीतून, दाढी करताना चालूच राहिलं. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा. मिनातो. तिने त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

आता विचारायची सोय उरली नव्हती, आणि आता तो शब्द तिला झोपू देईना. मिनातो. मीना. मीना, तो. स्वयंपाक करताना, त्याची कूस बदलताना, डायपर गुंडाळून पिशवीत टाकताना मीना तिच्याबरोबर असायची. कधी ती फिलिपिनो नर्स असायची, कधी मुंबईत विमान बदलताना भेटणारी कुणी. तिला लाज वाटायची. हाडांचा सापळा होत चाललेल्या माणसाच्या बाबतीत हे काय डोक्यात आणतो आपण, असं ती स्वतःला दटावायची आणि पोळी तव्यावर करपायची. शेवटी एकदा तिने जहूरला गाठलं. जहूर परकार मूळचा खेडचा, बेटावर मुरलीधरच्याच खोलीत राहिलेला, आता इंडस्ट्रियल एरियात टायरचं दुकान टाकून बसलेला. दर शुक्रवारी तो मित्राला बघायला यायचा आणि येताना मासे आणायचा.

"जहूरभाई, एक विचारू? ही मीना कोण?"

"कोण मीना?"

"त्यांच्या गाण्यात आहे."

जहूर हसत सुटला. "वहिनी, त्या बेटावर बाई? तिथं मांजरसुद्धा बोका होता." पण तिचा चेहरा पाहून तो हसायचा थांबला. हातातली माशांची पिशवी त्याने ओट्यावर ठेवली. "गाण्याचा अर्थ मला ठाऊक नाही. त्याला होता का, तेही सांगता यायचं नाही. पण एक सांगतो. कामावरून आलो की आम्ही पडायचो, पत्ते खेळायचो, भांडायचो. हा समुद्राकडे तोंड करून तेवढं गाणं गायचा. रोज. पहिल्यांदा आम्ही शिव्या घालायचो. मग सवय झाली. मग असं झालं की तो सुट्टीवर गेला की आम्हाला झोप लागायची नाही. भाषा कुणाच्या बापाला कळत होती? पण ते ऐकलं की बरं वाटायचं. बरं म्हणजे, वाईटच वाटायचं. पण बरं."

स्पीच थेरपिस्ट शहनाझ हैदराबादची होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मुरलीधरला गायला लावलं आणि म्हणाली, "बोलने की जगह चली गई है, दीदी. गाने की जगह अलग होती है, वो बच गई. जो रोज़ गाया, वो बच गया." जो रोज़ गाया. मनोरमेने घरी आरत्या म्हणून पाहिल्या, त्याच्या भजनातले अभंग म्हणून पाहिले. तो प्रेमाने ऐकायचा आणि गप्प बसायचा. म्हणजे देवरुख, देव, ती, हे सगळं एका बाजूला पडलेलं होतं आणि ती बाजू गेली होती. शहनाझने एक वाट सांगितली. त्याच गाण्याच्या चालीत आपले शब्द घालायचे, पाणी, भूक, नाव. एखादेवेळी गाण्याला धरून शब्द बाहेर येतात. "कोशिश कीजिए. इन्शाल्ला आएगा." मनोरमेने कोशिश केली. जुलै गेला, ऑगस्ट गेला, बाल्कनीच्या काचा हात लावू देत नव्हत्या, आणि ती एसीच्या घरघरीत खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसून "मला पाणी हवं" त्या चालीत म्हणायची. तिला ते जमत नव्हतं. सूर लागायचा पण ती मुरड, ते आवळून सोडणं, ते तिच्या गळ्यात नव्हतं. त्याच्या कपाळाला आठी पडायची. आपल्या चुकीच्या गाण्याने त्याला त्रास होतो आहे हे दिसायचं आणि तिला वाटायचं, खुर्ची उचलून त्या काचेवर घालावी.

व्हिसा डिसेंबरपर्यंत होता. मग देवरुख. काव्याची दहावीची परीक्षा मार्चमध्ये, तिचं काय करायचं ते ठरत नव्हतं. आणि देवरुखला एन्का गाणारं माणूस कुठून आणायचं? हा प्रश्न तिने खरोखरच एकदा मोठ्याने विचारला, आणि काव्या पुस्तकातून मान वर करून तिच्याकडे भीतीने बघत राहिली.

ऑक्टोबरात जहूरच बातमी घेऊन आला. दुबईत एका हॉटेलात जपानी लोकांचा स्नेहमेळावा होता, शुक्रवारी दुपारी, आणि जपानहून एक एन्का गाणारी बाई येणार होती. मनोरमा मुरलीधरच्या ऑफिसात जाऊन रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून राहिली. हारा नावाचा तरुण मॅनेजर खाली आला तेव्हा ती उठली आणि एवढंच म्हणाली, "प्लीज. माय हसबंड. सिंगिंग." पुढचं इंग्रजी तिला सुचेना. तो म्हणाला, "मुरी-सान. आय नो. गुड व्हॉइस," आणि वाकला.

तिला वाटलं होतं, गाणारी तिच्या वयाची, पिकल्या केसांची कुणी असेल. स्टेजवर गडद निळ्या किमोनोत जी आली ती फार तर चोविशीची पोरगी होती. मिहो तिचं नाव. केस पिंगट रंगवलेले. "शी इज जस्ट अ गर्ल, मम्मा," काव्या पुटपुटली. हॉल तरुण इंजिनीअरांनी भरलेला होता, टाय सैल केलेले, बायका लहान मुलांना भरवत होत्या, चमच्यांचा आवाज चालू होता. पहिल्या गाण्याला कुणी फारसं लक्ष दिलं नाही. एका टेबलावर दोन पोरं तिची नक्कल करून हसत होती. मिहो ताठ उभी राहून गात होती. हात हलत नव्हते. आवाज खालून यायचा, छातीच्याही खालून, एका जागी येऊन अडायचा, थरथरायचा आणि आता फुटेल असं वाटताना अलगद सुटायचा. हळूहळू चमचे थांबले. नक्कल करणाऱ्यांपैकी एकजण टेबलावरच्या रुमालाच्या घड्या घालायला लागला, घालून मोडायला लागला, आणि मान वर करेना. काव्या वाकून म्हणाली, "इट्स सो ओल्ड-फॅशन्ड." आणि जरा वेळाने, "मम्मा, माझा घसा का दुखतोय?" मनोरमेलाही तिथेच दुखत होतं. इतकी वर्षं आपण ज्याचा राग केला ते हे होतं, हे तिला कळत होतं आणि कळून काही उपयोग नव्हता.

हाराने आधी सांगून ठेवलेलं असावं. चौथं गाणं तेच होतं. पहिले सूर वाजले आणि व्हीलचेअरमधला मुरलीधर गायला लागला. माइक नव्हता, तरी त्याचा आवाज हॉलभर गेला. माना वळल्या. मिहो क्षणभर थांबली, मग स्टेजच्या पायऱ्या उतरून टेबलांमधून चालत आली, त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि माइक दोघांच्या मध्ये धरला. दोघं गायले. तो वाकड्या तोंडाने आणि ती त्या निळ्या किमोनोत, आणि एकाही जागी तो चुकला नाही. लोक रडत होते, उघड, पुरुषसुद्धा, चष्मे काढून. टाळ्या थांबेनात. मनोरमा खुर्चीच्या दांड्याला धरून मागे उभी होती. त्याच्या मानेवर तिने सकाळी लावलेली पावडर घामाने ओघळत होती, एवढंच तिला दिसत होतं. तो किती सुखात होता! आणि ती त्या सुखाच्या बाहेर उभी होती, आणि तिथे जायला दार नव्हतं.

कार्यक्रमानंतर एका बाजूच्या खोलीत मिहो त्यांना भेटली. आता ती जीन्स आणि खेळाच्या बुटांत होती. किमोनोची पेटी मांडीशी घेऊन ती खुर्चीच्या टोकावर बसली. ती बोलायची, हारा इंग्रजीत सांगायचा, काव्या आईला अर्धंमुर्धं मराठीत. काव्यानेच आधी विचारलं, तू ही असली जुनी गाणी का गातेस? मिहो हसली. तिची आई मासेमारीच्या एका गावात छोटा बार चालवायची, तिथे रोज हीच गाणी, दारू प्यायलेल्या माणसांची. तिला लाज वाटायची. म्हणून ती टोकियोला पळाली आणि एका दुकानात कामाला लागली. एकदा सुपरमार्केटमध्ये भाजी घेताना वर स्पीकरवर यातलंच एक गाणं लागलं आणि तिला हातातली टोपली उचलता येईना. "माझे मित्र अजून हसतात," ती म्हणाली. "मग कधीतरी त्यांतल्याच एकाचा फोन येतो, काही बोलत नाही, म्हणतो, गा."

मनोरमेने काव्याचा दंड धरला. "तिला सांग, त्या गाण्यात माझं नाव घालून गा म्हणावं. त्यांच्यासमोर. त्यांच्या तोंडून ते नाव यायला हवं. सांग तिला, मला नाही जमत. डॉक्टरांनी सांगितलंय, असं होतं म्हणून. सांग ना."

मिहोने नाव दोन-तीनदा विचारून घेतलं. मग ती मुरलीधरसमोर बसली आणि जिथे मिनातो येतं तिथे "मानोरामा" म्हणत ती ओळ गायली. त्या परक्या गळ्यात आपलं नाव आवळलं जाऊन सुटलेलं ऐकताना मनोरमेच्या अंगावर काटा आला. मुरलीधर तिच्या ओठांकडे बघत होता. त्याने श्वास घेतला. ओळ उचलली. नावाच्या जागी आला, ओठ मिटले, म साठी मिटावे तसे, आणि उघडले. "मिनातो." मिहोने पुन्हा गायलं, हळू. "मिनातो." ती पुन्हा पुन्हा गात राहिली, त्याचा हात हातात घेऊन, स्वतःच्या गळ्यावर त्याची बोटं ठेवून, आणि तो मोठ्या आनंदाने, प्रत्येक वेळी बरोबर सुरात, मिनातो म्हणत राहिला. शेवटी मिहो थांबली. उठून ती मनोरमेसमोर कमरेत वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. तिच्या बुटांवर पाणी पडताना दिसलं.

"असू दे," मनोरमा मराठीतच म्हणाली. "असू दे, बाळा." आणि मग, कारण आता गमावण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तिने विचारलं, "मिनातो कोण?"

"मिनातो इज पोर्ट," हारा म्हणाला. "हार्बर."

बंदर. दुबईला येताना रस्त्याच्या निळ्या पाट्यांवर मीना, मीना असं लिहिलेलं ती इतकी वर्षं बघत होती. अरबीतही बंदराला मीनाच म्हणतात, हे भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. तिला हसू आलं, आणि तिने विचारलं, मग त्या बंदरावर उभा राहून गाणारा माणूस काय म्हणतो? मिहोने नाही अशी मान हलवली आणि ती हाराला गाण्याचा अर्थ सांगू लागली. काव्या ऐकत गेली, थांबली आणि आईकडे न बघता म्हणाली, "मम्मा, तो माणूस नाहीये. इट्स अ वुमन. ती बाई बोलतेय. शी सेज, तिचा नवरा बोटीने गेला. ती बंदरावर येते रोज. ती म्हणते, लोक मला सांगतात परत जा, पण घरी गेले तर तुम्ही आलेलं मला कळणार कसं. असं आहे. पुरुष पण हे गातात, पण बाई होऊन गातात."

काव्या अजून काही सांगत होती. मनोरमेला ऐकू येत नव्हतं. इकडे आल्यावर पहिल्याच वर्षी झालेलं एक भांडण तिला आठवत होतं. कशावरून ते गेलं होतं विसरून, पण ती म्हणाली होती ते शब्द लक्षात होते. वाट बघणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला जन्मात कळायचं नाही. तो उठून बाल्कनीत गेला होता, आणि थोड्या वेळाने तिथून तेच गाणं आलं होतं, आणि तिने उठून बाल्कनीचं दार लावून घेतलं होतं.

जहूर गाडी आणायला गेला. काव्या त्याच्याबरोबर गेली, मागची सीट पाडायला. हॉटेलच्या दाराबाहेर, उन्हाच्या कडेला, व्हीलचेअर उभी करून मनोरमा त्याच्यासमोर उकिडवी बसली. आत-बाहेर जाणारे लोक वळसा घालून जात होते.

"अहो," ती म्हणाली. "ते गाणं बाईचं आहे. तुम्हाला ठाऊक होतं?"

तो तिच्याकडे बघत होता. डावा डोळा ओला होता. त्याने मान हलवली. हो.

तिने त्याचा चांगला हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. देवरुखच्या ओटीवरची सगळी वर्षं तिच्या पाठीवरून उतरत होती, एकेक, पाण्यासारखी. तिथे ती बसलेली असायची आणि इकडे समुद्राकडे तोंड करून हा रोज तिच्याच तोंडचं बोलत होता. "इशिदांनी अर्थ सांगितला होता?" तिने मान वर न करता विचारलं आणि मग बघितलं. हो. "माझ्यासाठी म्हणत होता?" हो. मान तशीच खाली-वर झाली, तेवढीच, त्याच संथपणे, त्याच हसऱ्या डोळ्यांनी. इतके महिने ती चहा हवा का, झोपायचंय का, एवढंच विचारत आली होती आणि हो आलं की देत आली होती. नाही असं कधी आलंच नव्हतं.

आता उठावं, असं तिला वाटलं. इथेच उठावं. पण तिचं तोंड थांबलं नाही.

"की तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं? नुसतंच म्हणत होता?"

हो.

"अहो, माझं नाव शांता आहे ना?"

त्याने तिच्याकडे पाहून, फार प्रेमाने, मान हलवली.

जहूरची गाडी येऊन उभी राहिली. दार सरकवून काव्या खाली उतरली, व्हीलचेअरला ब्रेक आहे का ते पायाने बघितलं आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली.

"मम्मा? यू आस्क्ड हिम? तुला काय म्हणाले बाबा?"

मनोरमा गुडघ्यावर हात टेकून उठली. पदराने तिने आधी त्याचा डोळा पुसला, मग ओघळलेली पावडर पुसली.

"हो म्हणाले," ती म्हणाली.